दिवाळीत माज, संक्रांतीला दूध : कुत्री गाभण नाही, तरी पान्हा कसा?

वांगीभात

नमस्कार मंडळी. पाळीव प्राण्यांचे जुने धागे चाळले, पण नेमकं हे कुठे सापडलं नाही, म्हणून नवा काढते.

आमची जिलबी साडेतीन वर्षांची. आई लॅब्रॉडॉर, वडील अज्ञात. वजन बावीस किलो. नसबंदीचं ऑपरेशन केलेलं नाही. दिवाळीच्या सुमारास माजावर आली होती. त्या काळात तिला पट्ट्याशिवाय खाली नेलेलं नाही, सोसायटीतल्या एकाही बोक्याला, आपलं, कुत्र्याला जवळ येऊ दिलेलं नाही. याबाबत माझी शंभर टक्के खात्री आहे.

संक्रांतीच्या आसपास बाईसाहेबांनी लेकीचं रबरी बदक पळवलं. शिट्टी कधीच गेलेलं, चोच अर्धी चावलेलं ते बदक. सोबत नवऱ्याचा एक मोजा. दिवाणाखाली गोधडी ओढत नेली, पंजांनी उकरून उकरून तिचा खळगा केला आणि बदक व मोजा पोटाशी घेऊन बसली. बदकाचं डोकं इतकं चाटते की रंग निघालाय. आपण खाली वाकून हात घातला की गुरगुर. ही तीच कुत्री, जी गॅस सिलेंडरवाल्यालाही पोट खाजवायला लावते.

जेवण निम्म्यावर आलंय. मधूनच कण्हल्यासारखा आवाज काढते. आणि काल फरशीवर पांढुरके डाग दिसले. पोट पाहिलं तर आचळांच्या मागच्या दोन जोड्या चांगल्याच टरारलेल्या, बोट लागताच दुधाचा थेंब!

सासूबाईंनी "बाळंतीण आहे बिचारी" असं जाहीर करून अळिवाची खीर चालू केली आहे. जिलबीला खीर प्रचंड आवडली आहे, हे वेगळं सांगायला नको.

माझे प्रश्न: ही खरंच गाभण असू शकते का? दूध दाटलंय तर पिळून काढू का? बदक काढून घेऊ की राहू देऊ? आणि या निमित्ताने ऑपरेशन लगेच उरकून घेऊ का? आमचे नेहमीचे डॉक्टर आठवडाभर गावाला गेलेत.

खारीबिस्कीट

अगदी अगदी! आमची बीगल दरवेळी हेच करते. तिची दत्तक संतती म्हणजे टीव्हीचा रिमोट. रिमोटला दूध पाजायच्या प्रयत्नात असते. तीनेक आठवड्यांत आपोआप उतरतं, घाबरू नका.

अळिवाची खीर वाचून फुटले. :D

माळावरचा_गडी

याला औषध एकच. एकदा लावून घ्या. एक वेत होऊ द्या, पिल्लं पिऊन मोठी झाली की तिची हौस फिटते आणि परत हा त्रास होत नाही. निसर्गाची इच्छा मारली की शरीर असं बंड करतं. आमच्याकडे पूर्वीपासून हेच करत आले आहेत.

खारीबिस्कीट

@माळावरचा_गडी, आमच्या बीगलची आई आमच्या मावसबहिणीकडे आहे. तिला दोन वेळा पिल्लं झाली. त्यानंतरच्या माजानंतर ती परत सोफ्याखाली उशी घेऊन बसली होती. हौस काही फिटलेली दिसली नाही.

पशुवैद्य_वाईकर

व्यवसायाने प्राण्यांचा डॉक्टर आहे, मोठा प्रतिसाद होणार, चहा घेऊन बसा. तपासल्याशिवाय निदान होत नसतं हे आधी सांगतो. पण वर्णन इतकं नेमकं आहे की यातलं काय चाललंय ते समजावता येईल.

याला आम्ही खोटं गाभणपण म्हणतो. आणि हे "बंड" वगैरे अजिबात नाही, कुत्रीच्या शरीराची ही नेहमीची रीत आहे. बाईच्या शरीरात गर्भ राहिला नाही की तो निरोप पंधरा दिवसांत पोचतो, अंडाशयातली ग्रंथी विरते आणि पाळी येते. कुत्रीत असा निरोपच नसतो. माज संपला की अंडाशयातल्या त्या पिवळ्या ग्रंथी साधारण दोन महिने प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारं संप्रेरक तयार करत राहतात, मग कुत्रा लागलेला असो वा नसो. म्हणजे ऑपरेशन न झालेली प्रत्येक कुत्री माजानंतरचे दोन महिने आतून गाभणच असते, फक्त पोटात पिल्लं नसतात. खरं गाभणपणही साधारण ६३ दिवसांचंच.

या दोन महिन्यांच्या अखेरीस प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन चढतं. दूध आणणारं, जागा उकरायला लावणारं, बदकाला पोटाशी घ्यायला लावणारं आणि मालकावर गुरगुरायला लावणारं हे एकच संप्रेरक. म्हणून माज संपल्यावर सहा ते बारा आठवड्यांत हा प्रकार दिसतो. तुमचं दिवाळी ते संक्रांत गणित चोख बसतंय. कुणाचं नुसतं वागणं बदलतं, कुणाला नुसतं दूध येतं, कुणाला दोन्ही.

हे असं का घडलं असावं? लांडग्यांच्या कळपात बहुधा एकच जोडी पिल्लं घालते. बाकीच्या माद्यांना त्याच सुमारास पान्हा फुटला तर त्या दाया म्हणून उपयोगी पडतात. हा अंदाज बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

आता तुमचे प्रश्न.

दूध पिळू नका. थेंबभरही नाही. हात लावून "दाटलंय का" हेसुद्धा रोज बघू नका. गरम पाण्याचा शेक नको, तेल चोळणं नको. आचळाला स्पर्श झाला की प्रोलॅक्टिन वाढतं आणि दूध नव्याने भरतं. ती स्वतः चाटत असेल तर तेही थांबवायचं. गळ्यात कोन घाला, म्हणजे तोंड पोटापर्यंत पोचणार नाही, किंवा जुना टी-शर्ट पुढचे पाय बाह्यांतून काढून घाला आणि कमरेवर गाठ मारा.

खीर बंद. सासूबाईंची माफी मागून बंद. दूध, अंडी, कॅल्शियमचं टॉनिक, शतावरी, मेथी, डिंक, काहीही नको. जेवण उलट थोडं कमीच करा आठवडाभर. जास्तीचं पोषण म्हणजे दुधाला आमंत्रण. पण पाणी तोडू नका. "पाणी कमी दिलं की दूध आटतं" हा जुना सल्ला अजून फिरतो, तो धोक्याचा आहे.

बदकाबद्दल मतभेद आहेत. मी हिसकावून घेऊ देत नाही, कारण चावे तिथेच बसतात. ती फिरायला गेली की दुसऱ्याने गोधडी आणि मोजा उचलायचा, दुसऱ्या दिवशी बदक. फिरणं वाढवा, नव्या रस्त्याने न्या, डोकं गुंतेल असं काही करायला द्या. घरात लहान मूल असेल तर दिवाणाजवळ जायची त्याला सक्त मनाई.

ऑपरेशन लगेच नको, त्यावर नंतर लिहितो. पेशंट आलाय.

माळावरचा_गडी

डॉक्टरसाहेब, शास्त्र ठीक आहे. पण मुक्या जिवाला आईपणाची ओढ नसते असं म्हणायचंय का तुम्हाला? डोळ्यांत दिसते ती.

रात्रपाळी

ओढ असेल किंवा नसेल, पण "एक वेत होऊ द्या" म्हणणारे त्या सात-आठ पिल्लांचं पुढे काय करतात ते एकदा लिहा. आमच्या भागात दर हिवाळ्यात पोत्यात घालून नाल्याकाठी सोडलेली पिल्लं मी उचलते. भाद्रपदात लागतात आणि कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं. त्यातली किती जगतात ते विचारू नका.

माळावरचा_गडी

आमची पिल्लं आम्ही कधी सोडली नाहीत. कारवान जातीची शिकारी कुत्री आहेत, मागून नेतात लोक. असो. माझा मुद्दा मांडला, वाद घालायचा नाही.

गोठेकरी

डॉक्टरांच्या म्हणण्याला गोठ्यातून अनुमोदन. गाय-म्हैस आटवायची असली की आपण काय करतो? खुराक तोडतो आणि धार बंद करतो. कास टम्म होते, बाईमाणसाला कळवळा येतो, कुणीतरी हळूच जाऊन दोन-चार धारा काढतं आणि मग आठ दिवस पुढे ढकललं जातं. कुत्रीचंही तेच असणार.

अवांतर: शेळ्यांमध्येही खोटं गाभणपण असतं. पण तिथे गर्भपिशवीत नुसतं पाणी साठतं. पोट वाढतं, सगळे करडांची वाट बघतात आणि एक दिवस बादलीभर पाणी पडून शेळी रिकामी. आमच्याकडच्या एका शेळीने असं केलं तेव्हा आजी म्हणाली, हिने तर सगळ्या गावाला फसवलं.

मोगरा_फुलला_दारी

माझ्या आत्याने बाळंतपणात दूध आटवायला मोगऱ्याची फुलं बांधली होती. दक्षिणेत तर सर्रास करतात. कुत्रीला चालेल का? रासायनिक औषधांपेक्षा बरं. नाहीतर होमिओपॅथीत पल्साटिला देतात असं ऐकलंय.

पशुवैद्य_वाईकर

मोगऱ्याचा प्रयोग बाळंतिणींवर झालेला आहे, १९८८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापूनही आला होता. पण बाईला सांगता येतं की फुलं बांधलीत, हात लावू नकोस. जिलबी ती फुलं सोडवणार, चघळणार आणि मग जिथे फुलं होती तिथे चाटत बसणार. नेमकं तेच टाळायचंय. कोबीच्या पानांचंही तसंच.

पल्साटिलाबद्दल: हा प्रकार दोन-तीन आठवड्यांत स्वतःच ओसरतो. त्या काळात काहीही दिलं तरी ते लागू पडल्यासारखंच वाटतं.

खारीबिस्कीट

डॉक, मग औषध काहीच नाही का? आमच्या बीगलला मागच्या वेळी एका गोळीने चार-पाच दिवसांत फरक पडला होता. नाव कॅबर असं काहीतरी.

पशुवैद्य_वाईकर

कॅबरगोलीन. आहे ना औषध, आणि चांगलं आहे. ते थेट प्रोलॅक्टिन खाली आणतं. त्रास फार असेल, दूध थांबत नसेल, कुत्री अंगावर येत असेल, तर आम्ही पाच ते सात दिवस देतो. पूर्वी ब्रोमोक्रिप्टीन द्यायचो, त्याने उलट्या फार व्हायच्या.

पण हे वाचून कुणीही औषधाच्या दुकानात जाऊ नका, त्याची कारणं सांगतो. एक, कुत्री खरोखरच गाभण असेल तर या गोळीने गर्भपात होतो. म्हणून आधी सोनोग्राफी. दोन, मात्रा. कुत्र्याला दिवसाला वजनाच्या किलोमागे साधारण पाच मायक्रोग्रॅम लागतं. बावीस किलोच्या जिलबीला ११० मायक्रोग्रॅम. दुकानात माणसांसाठी मिळते ती गोळी ५०० मायक्रोग्रॅमची किंवा तिच्या निम्मी. "अर्धी देऊन बघू" म्हणणाऱ्याने मोठ्या गोळीतून दुपटीपेक्षा जास्त दिलेलं असतं, आणि डॅक्सहुंडसारख्या लहान कुत्रीला तर कितीतरी पट.

तिसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. कुत्रीने एक-दोनदा ओकलं की घरातली उलटीची गोळी देण्याची आपल्याकडे सवय आहे. मेटोक्लोप्रमाइड आणि डॉमपेरिडॉन ही दोन्ही औषधं प्रोलॅक्टिन वाढवतात. डॉमपेरिडॉन तर बायकांना दूध यावं म्हणूनही दिलं जातं. म्हणजे एका हाताने नळ बंद करायचा आणि दुसऱ्याने सोडायचा.

आणि माज थांबवायची जी इंजेक्शनं मिळतात, ती या कामासाठी मुळीच घेऊ नका. त्यात प्रोजेस्टेरॉनचाच भाऊबंद असतो. आठ दिवस बरं वाटतं, असर उतरला की दूध परत. वर गर्भपिशवीत पू होण्याचा आणि पुढे गाठींचा धोका वाढतो तो वेगळा.

फिओर्डकाठी

स्टाव्हांगरहून लिहितोय. इथे नॉर्वेत निरोगी कुत्रीची पिशवी नुसत्या सोयीसाठी काढत नाहीत, कायद्याने सबळ कारण लागतं. त्यामुळे हा प्रकार इथल्या कुत्रेवाल्यांना तोंडपाठ आहे. आमच्या शेजारच्या आजी भिंतीवरच्या कॅलेंडरवर माजाची तारीख लाल पेनाने लिहितात आणि दोन महिन्यांनंतरच्या चौकटीत फक्त एक बाहुली काढतात. त्या सुमारास खेळणी कपाटात, मुलांना समज आणि डोंगरावर रोज लांब चक्कर. औषधापर्यंत क्वचित जातात. भारतात असताना आमच्या घरी मात्र याला "कुत्रीला लागिर झालं" म्हणायचे.

सांजवात

अमेरिकेत बरोबर उलटं. आमच्याकडे न्यू जर्सीत पिल्लू दत्तक घेतलं की ऑपरेशन करूनच हातात देतात. त्यामुळे मला तर हा धागा वाचेपर्यंत असं काही असतं हेच माहीत नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).

रात्रपाळी

एक वेगळा प्रश्न. सध्या माझ्याकडे आई गाडीखाली गेलेली चार पिल्लं आहेत, डोळे नुकते उघडलेत. दर तीन तासांनी बाटली. जिलबीसारख्या कुत्रीचं दूध त्यांना मिळू शकेल का? वांगीभात, तुम्हाला मागत नाहीये, घाबरू नका. पण होतं का असं?

पशुवैद्य_वाईकर

होतं. खोट्या गाभणपणातल्या कुत्रीने अनाथ पिल्लं वाढवल्याची उदाहरणं आहेत. रस्त्यावरच्या कुत्र्यांत तर मावशी-आजीने दूध पाजणं नवीन नाही. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भटक्या कुत्र्यांच्या या एकत्र कुटुंबांवर बरंच काम केलंय, मिळालं तर जरूर वाचा.

पण घरातल्या कुत्रीच्या बाबतीत मी सहसा नको म्हणतो. रस्त्यावरची पिल्लं पार्व्हो किंवा डिस्टेंपरसारखे संसर्गजन्य रोग घेऊन आलेली असू शकतात. कुत्री स्वीकारेलच असं नाही, एका झटक्यात मारूही शकते. दूध चार पिल्लांना पुरेल याची खात्री नाही. आणि स्वीकारलंच तर तिचं दूध आणखी महिना-दीड महिना चालू राहणार. तुमच्या पिल्लांना बाटलीच बरी. गाईचं दूध नका देऊ, पिल्लांसाठीची पावडर वापरा, आणि पाजून झालं की ओल्या कापसाने शी-शू करवायला विसरू नका. ते तुम्हाला माहीत असणारच.

रात्रपाळी

माहीत आहे, पण वाचणाऱ्यांसाठी बरं झालं लिहिलंत. धन्यवाद.

दुपारचा_डुलका

धागा मजेत चाललाय, पण मी जरा मिठाचा खडा टाकतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाची जर्मन शेफर्ड, सात वर्षांची. माजानंतर दीड-दोन महिन्यांनी सुस्त झाली, खाणं सुटलं, कोपऱ्यात बसून राही. आधीच्या वर्षी खोटं गाभणपण झालेलं, म्हणून या वेळीही तेच समजले. जवळच्या एका दवाखान्यात फोनवर विचारलं तर तिथूनही "होईल आठ दिवसांत बरी" असंच उत्तर. फरक एवढाच होता की ती पाणी प्रचंड पीत होती. भांडं भरलं की रिकामं. रात्री घरात शू. खालून काहीच येत नव्हतं, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. पाचव्या दिवशी उभी राहीना. उघडली तेव्हा पिशवी पुवाने भरलेली. वाचली, पण कशीबशी.

पशुवैद्य_वाईकर

हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मी उद्या लिहिणारच होतो, आता आजच लिहितो.

गर्भपिशवीत पू होणं, पायोमेट्रा, हेही माजानंतरच्या त्याच दोन महिन्यांत होतं. कारणही तेच प्रोजेस्टेरॉन. पिशवीचं अस्तर जाड आणि ओलसर राहतं, तोंड मिटतं, जंतूंना आयती जागा. मधल्या आणि उतारवयात जास्त, पण तरुण कुत्रीतही मी पाहिलंय. पिशवीचं तोंड उघडं असेल तर घाण वासाचा स्राव दिसतो आणि माणूस धावत येतो. तोंड बंद असेल तर बाहेर काही दिसत नाही, पू आतच साठतो, आणि ती जास्त धोक्याची.

खोट्या गाभणपणातली कुत्री विचित्र वागते, पण आजारी दिसत नाही. जेवण कमी असलं तरी फिरायला निघते, दारावरची बेल वाजली की उठते, बदकासाठी भांडते. पाणी खूप प्यायला लागली, वारंवार ओकायला लागली, पोट ताणलं, मागून पू किंवा रक्ताळ काही आलं, नुसती पडून राहिली, तर त्याच दिवशी सोनोग्राफी आणि रक्त तपासणी. "आमचे डॉक्टर सोमवारी येणार आहेत" चालणार नाही, दुसरे गाठा. मुंबईकरांना परळचं बैलघोडा, म्हणजे प्राण्यांचं रुग्णालय, आहेच.

ताप हाताने बघू नका. कुत्र्याचं नाक कोरडं म्हणजे ताप हेही खरं नाही. साधा डिजिटल थर्मामीटर, टोकाला थोडं व्हॅसलीन, शेपटीखाली. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट म्हणजे ठीक. आपल्या ९८.६ शी तुलना करून दर महिन्याला कुणीतरी घाबरून फोन करतं.

आचळांचंही बघायचं ते लांबून. सगळी सारखी फुगलीत तर ठीक. त्यातलं एकच लालभडक, गरम, दगडासारखं झालं, हात नेताच ती किंचाळली, दूध गुलाबी किंवा पिवळट दाट आलं, तर तो स्तनदाह. त्याला प्रतिजैविक लागतं, वाट बघायची नाही.

वांगीभात

सगळ्यांचे मनापासून आभार. पायोमेट्राचं वाचून रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळीच दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. सोनोग्राफीत पिल्लं नाहीत, पू नाही. ताप १०१.८. त्यांनीही खोटं गाभणपणच सांगितलं. गोळी सध्या नको म्हणाले, दहा दिवसांत उतरलं नाही तर बघू.

घरची स्थिती: कोन घातल्यापासून दाराच्या चौकटी आणि माझ्या पोटऱ्या धोक्यात आहेत. टी-शर्ट घातला तर ती पुतळ्यासारखी जागच्या जागी उभी राहते, त्यामुळे कोनच. मोजा गेला, गोधडी धुवायला टाकली. बदक अजून तिच्याकडे आहे, कारण लेक म्हणाली की डॉक्टरकाकांनी हिसकावू नका सांगितलंय. सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी खीर बंद केली, पण "डॉक्टर पुरुष आहेत, त्यांना काय कळणार" अशी नोंद करायला सांगितली आहे. केली.

आता ऑपरेशनचं सांगा ना. हे डॉक्टर म्हणाले पुढच्या आठवड्यात करून टाकू. तुम्ही लगेच नको म्हणालात.

पशुवैद्य_वाईकर

सासूबाईंची नोंद मान्य. :)

ऑपरेशनचं तर्कशास्त्र असं. सध्या जिलबीच्या अंगातलं प्रोजेस्टेरॉन उतरतंय आणि प्रोलॅक्टिन चढलेलं आहे. या क्षणी अंडाशय काढले की उरलंसुरलं प्रोजेस्टेरॉन एका दिवसात खलास, आणि त्या धक्क्याने प्रोलॅक्टिन आणखी उसळी घेतं. मग दूध आणि गुरगुर थांबण्याऐवजी लांबते. काही कुत्र्यांत ती महिनोन्‌महिने टिकते, आणि अंडाशयच नसल्यामुळे पुढचं चक्र येऊन ती पुसली जाण्याची शक्यताही नसते. शिवाय आचळं भरलेली असताना पोटावर चीर देणं सर्जनलाही सुखाचं नाही, रक्तस्राव जास्त.

म्हणून दूध पूर्ण आटू द्या, वागणं मूळ पदावर येऊ द्या, आणि माजानंतर तीन-चार महिन्यांनी, दोन माजांच्या मधल्या शांत काळात करा. तुमच्या हिशेबाने फेब्रुवारीअखेर ते मार्च. तोवर दूध राहिलंच तर आधी कॅबरगोलीनने आटवायचं, मग सुरी. अपवाद पायोमेट्राचा. तिथे मुहूर्त बघायचा नसतो.

करावं की नाही, हा तुमचा निर्णय. माझं मत करावं असंच आहे. खोटं गाभणपण ज्या कुत्रीला एकदा ठळक दिसलं, तिला बहुधा पुढच्या माजांनंतरही दिसतं. पायोमेट्राचा प्रश्न निकालात निघतो. स्तनाच्या गाठींबद्दल १९६९ सालचा एक गाजलेला अभ्यास आहे, त्यात पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्यांत धोका अर्धा टक्का, पहिल्यानंतर ८, दुसऱ्यानंतर २६ टक्के असा निघाला होता. त्या आकड्यांवर नंतर बरीच टीका झाली, त्यामुळे मी ते भिंतीवर लावत नाही. तुमच्या जिलबीचे तसेही सहा-सात माज होऊन गेले असणार.

दुसरी बाजूही सांगतो. ऑपरेशननंतर वजन वाढतं, जेवण मोजून द्यावं लागतं. काही मोठ्या कुत्र्यांना पुढे झोपेत शू गळण्याचा त्रास होतो. मोठ्या जातींत फार लवकर केलं तर सांध्यांचे प्रश्न येऊ शकतात, पण साडेतीन वर्षांच्या कुत्रीला ती भीती नाही.

माळावरचा_गडी

वाद नाही घालायचा म्हणालो होतो, पण एक विचारतो. आमच्या कारवान वर्षातून एकदाच माजावर येतात. शहरातली मंडळी दर सहा महिन्यांनी म्हणतात. मग हे खोटं गाभणपणही वर्षातून एकदाच?

पशुवैद्य_वाईकर

बरोबर पकडलंत. बहुतेक विलायती जातींत दोन माजांत सहा-सात महिन्यांचं अंतर असतं. आपल्या देशी कुत्र्या पुष्कळदा वर्षातून एकदाच येतात, पावसाळ्याच्या उतरणीला. भादव्याची बदनामी त्यातूनच आलीय. प्रत्येक माजामागे एक शक्यता, तेव्हा तुमच्याकडे निम्म्या वेळा. आणि साहेब, पिल्लं होऊ द्यायची नसतील त्या वर्षी त्यांच्या पाण्यावर लक्ष ठेवा, एवढं माझं ऐका.

माळावरचा_गडी

ठेवतो. भांड्यावर खूण करून ठेवेन.

गुळपोळी_एक्स्प्रेस

उशिरा आले धाग्यावर. माझा प्रश्न अगदी वेगळा. आमच्या इंडीचं (देशी कुत्रीचं) ऑपरेशन नगरपालिकेच्या मोहिमेत झालंय, कानाला खाच आहे. ती रस्त्यावरून आमच्याकडे आली त्याला वर्ष झालं. तिला आता दूध येतंय आणि चपला गोळा करते! ऑपरेशन झालेल्या कुत्रीला कसं शक्य आहे? माझे शेजारी म्हणतात ऑपरेशन केलंच नसणार, नुसता कान कापला.

पशुवैद्य_वाईकर

शेजाऱ्यांच्या निष्कर्षावर इतक्यात जाऊ नका. शक्यता तीन-चार आहेत. ऑपरेशन चुकीच्या महिन्यात झालं असेल तर वर लिहिलं तसं प्रोलॅक्टिन चढंच राहू शकतं, पण ते त्या वेळेपासून सलग चालू असतं. तुमची मधे वर्षभर नीट होती आणि आता सुरू झालं, तर अंडाशयाचा एखादा तुकडा आत राहून तो पुन्हा जागा झाला असण्याची शक्यता मला जास्त वाटते. तो चांगल्या हातांकडूनही राहतो, विशेषतः उजवीकडचा, कारण तो खोल असतो. थायरॉइड कमी असलं तरी दूध दिसू शकतं. आणि कुठलं औषध चालू असेल तर तेही.

दोन-अडीच महिने मागे जाऊन आठवा: मागचा भाग सुजला होता का, रक्ताचे थेंब पडले होते का, गल्लीतले कुत्रे दाराशी बसायला लागले होते का? तसं झालं असेल तर तुकड्याचीच शंका. ते नक्की करायला प्रोजेस्टेरॉनची रक्त तपासणी असते, ती माजानंतरच्या महिन्याभरात केली तर स्पष्ट कळतं. आत्ता उशीर झाला असेल. सध्या चपला उचलून ठेवा, कोन घाला, आचळाला हात नको.

गुळपोळी_एक्स्प्रेस

कुत्रे बसायचे दाराशी! नोव्हेंबरात, दोन-तीन रोज. आम्हाला वाटलं वॉचमन बिस्किटं घालतो म्हणून. तारखा शोधून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

पशुवैद्य_वाईकर

करा. सोबत ऑपरेशनचा कागद मिळाला असेल तर त्याचा फोटोही.